वाटेवरचा तिरका ओंडका

मी एक जुना ओंडका आहे. टेकडीच्या पायवाटेवर तिरका पडलोय, अर्धा जमिनीत, अर्धा वर. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी इथून हलणार नाही!

पूर्वी मी झाड होतो. वादळात उन्मळून या वाटेवरच कोसळलो. रविवारी स्वतःहून वाटेची डागडुजी करायला येणारी मंडळी जमली. कुणी म्हणालं, "द्या खाली ढकलून." पण त्यांच्यातल्या प्लंबरने करवत मागितली. त्याने मला मापात कापलं, चर खणून तिरकं बसवलं आणि बाजूंनी दगड ठोकून पक्कं केलं. वरून येणारं पाणी माझ्यावर आपटायचं आणि मुकाट्याने बाजूच्या झाडीत वळायचं. त्यामुळे खालची वाट शाबूत राहायची. कौतुक? छे! जो तो मला ठेचकाळायचा आणि चार शिव्या घालून पुढे जायचा.

एकदा प्लंबरची वहिनीच अडखळली. तीही याच मंडळींतली, मातीची घमेली वाहणारी. पाय मुरगळला, गुडघा फुटला.

"भाऊजी, आधी ही तुमची धोंड काढा!"

"अहो वहिनी, मग पाणी कुठे जाईल?"

"जाईल खड्ड्यात!"

सगळ्यांनी तिचीच री ओढली. पहारी लावून मला उपटलं आणि झुडपात फेकलं. असा संताप आला म्हणून सांगू! राबायचं मी, आणि हकालपट्टीही माझीच!

मग धो धो पाऊस झाला. पाणी वाटेवरूनच सुसाट धावलं आणि सगळी माती घेऊन गेलं. वाटेची घळ झाली. वनखात्याचा माणूस गाडीत फाटक घालून आला. म्हणाला, "ही वाट आता कायमची बंद."

वहिनी लंगडत पुढे झाली. "आमच्या हातची वाट आहे ही. एक रविवार द्या. नाही जमलं, तर खुशाल कुलूप लावा."

त्या रविवारी तिनेच मला झुडपातून ओढून काढलं. सगळ्यांनी घळ दगडमातीने भरली. प्लंबरने मला पुन्हा चरात तिरकं बसवलं.

"बोला की भाऊजी, 'सांगितलं होतं' म्हणून!"

"बोलतो. आधी तो दगड ठोका."

खात्याचा माणूस बघत उभा होता. "आणि उद्या पुन्हा कुणी अडखळलं तर?"

"पडेल, उठेल," वहिनी म्हणाली. "वाटच गेली तर उठून जाणार कुठे?"

त्याने फाटक परत नेलं.

मित्रांनो, मला हारतुरे नकोत. माझ्यामागे गाळ साचतो आणि मग पाणी माझ्यावरून उडी मारतं. तेवढा गाळ खोऱ्याने उपसायला रविवारी या. दमलात तर माझ्यावरच टेका. मला उपटायला मात्र कुणी येऊ नका. गाठ वहिनीशी आहे!