थोरलीची चूल आधी

धूर जर पुरुषांच्या डोळ्यांत जात असता, तर आजवर सभा भरली असती, ठराव झाले असते, दोन-चार पुढारी त्यावर निवडून आले असते. तो बायकांच्या डोळ्यांत जातो. म्हणून त्याला कुणी आजार म्हणत नाही, स्वयंपाक म्हणतात.

आपोन्दीचा धुरावर राग होता तो असा घरचा होता. तिची धाकटी बहीण आवुओर सरोवराच्या पल्याड सेमेला दिलेली, ओबुराची दुसरी बायको. ठेंगण्या झोपडीत, पाठीला मूल बांधून, तीन दगडांवर रांधायचं. आवुओरचा खोकला गेल्या पावसापासून हटत नव्हता, आणि आता पाठीवरचं मूलही तसंच खोकू लागलं होतं. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, औषध देईन, पण धूर तोच राहिला तर परत याल. आवुओर दवाखान्यात परत गेली, आणि पुन्हा परत गेली.

आपोन्दी सरोवराच्या अल्याडच्या न्याकाचची, मडकी घडवणाऱ्यांच्या घरातली. तिने मडकी बाजूला सारली आणि चुलीच्या मागे लागली. माती, त्यात जुन्या खापऱ्यांची पूड, जाड भिंत, समोर लहानसं तोंड. लाकूड थोडं, आच सगळी वर. पहिल्या कितीतरी चुली तडकल्या, मग एक तडकली नाही. बाहेरच्यांनी फुकट वाटलेल्या पत्र्याच्या चुली त्या भागात घरोघरी कोंबड्यांना अंडी घालायला दिल्या होत्या. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घोटताना भांड्यावर अख्ख्या बाईचा जोर पडतो, आणि त्या चुली लगेच लोळण घ्यायच्या. आपोन्दी त्यांना पोट धरून हसायची. लोकांच्या चुका बघून हसण्यात मोठं सुख असतं. आपली चूक त्या वेळी मागे उभी असते.

तिने भाजलेली चूल गवतात गुंडाळली, मोटारसायकलवर बांधली, सेमेला नेली आणि आवुओरच्या झोपडीत मातीत पक्की बसवली. आवुओरच्या भांड्याच्या मापानेच ती घडवली होती. भांडं असं बसलं की हलवून हलेना. आपोन्दी म्हणाली, पेटव.

आवुओरने पेटवली नाही.

"थोरल्या बाईंकडे कुठाय?" तिने विचारलं.

ओबुराच्या वाड्यात फाटकासमोरचं घर थोरलीचं, दोर्सिलाचं. पेरणीचा पहिला दाणा तिचा, कापणीचं पहिलं कणीस तिचं, नवीन घर बांधायचं तर आधी तिचं. त्यानंतर धाकटीचं. हे आपोन्दीला कुणी शिकवायला नको होतं. ती त्याच मातीची. पण तिने मनाशी धरलं होतं की पेरणी वेगळी, घर वेगळं, आणि चूल म्हणजे काय, एक वस्तू. बादली आणली तर कुणी थोरलीला विचारतं का?

आवुओर म्हणाली, बादलीने घर होत नाही, चुलीने होतं. तिच्याआधी मी नवी चूल पेटवली तर रीत मोडल्याचा चीरा लागेल, पोर झिजत जाईल. खोकला परवडला.

"असलं काही नसतं," आपोन्दी म्हणाली.

"नसतं ना? मग तुझा मडकी भाजायचा आवा लागतो तेव्हा पुरुषाला जवळ का येऊ देत नाहीस? परवा टपालवाल्याला दगड मारलास म्हणे."

मडकी फुटतात म्हणून, हे उत्तर आपोन्दीलाच पुरेना.

तोवर बातमी अंगणापलीकडे गेली होती. दोर्सिला दारात बसून ओमेना निवडत होती. ओठ मिटलेले, मान खाली. त्या इवल्या माशांवर तिने तेवढी नजर आयुष्यात लावली नव्हती. नवऱ्याने, ओबुराने, दोन घरांच्या मधल्या अंगणात एक चक्कर मारली, हवा ओळखली, आणि जाळं फाटलंय म्हणत सरोवराकडे निघून गेला. जाळं धड होतं.

आता मेख अशी होती. ज्या बाईला चूल हवी होती तिला पेटवता येत नव्हती, आणि जिने आधी पेटवायला हवी तिला ती नकोच होती. दोर्सिलाचं स्वयंपाकघर उंच, वारा आरपार. तिला खोकला नाही, डोळे खणखणीत. छताला तिने बियाण्याची कणसं टांगली होती, आणि धुरामुळेच त्यांना किडा लागत नाही हे ती ज्याला त्याला सांगायची. खोटं नव्हतं ते.

आपोन्दी न्याकाचला परत गेली, चरफडत दुसरी चूल घडवली, दोर्सिलाच्या मोठ्या भांड्याचं माप अंदाजाने धरून. विचारायला गेली असती तर माप मिळालं असतं, पण विचारणं म्हणजे चूक कबूल करणं. ती चूल घेऊन ती आली आणि दोर्सिलासमोर ठेवली. थोरल्या बाई, ही तुमच्यासाठी, म्हणाली.

"आता आठवण झाली का न्याकाचकरणीला?" दोर्सिला म्हणाली. "धाकटीचं उरलंसुरलं आणलंस?"

तरी तिने भांडं चढवलं. नाही म्हणायचं तर निदान कारण हातात असावं. पाणी उकळलं, पीठ पडलं आणि दोर्सिला घोटायला बसली. दंडात ताकद बैलाची. दोन फिरक्यांत गोल बुडाचं ते भांडं चुलीवर गरगर फिरलं, तिसऱ्या फिरकीला चुलीची कड तडकली, आणि अर्धवट शिजलेली उगाली राखेत गेली. शेजारच्या बायका आल्या होत्याच. हसल्या. पत्र्याच्या चुलींना आपोन्दी हसायची अगदी तसंच.

"माझे दगड असं करत नाहीत," दोर्सिला शांतपणे म्हणाली, आणि उगालीचं नवीन पाणी तीन दगडांवर ठेवलं.

आपोन्दीला रडू येत होतं, पण रागाने तिचं रडू नेहमी अडवलं आहे. ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. समोर ती बाई घोटत होती. भांडं तसूभर हलत नव्हतं. दगड आत कललेले होते, तिघे तीन बाजूंनी त्या गोल बुडाला धरून होते, आणि जोर लागला की दोर्सिलाचा डावा पाय आपोआप पुढच्या दगडाला टेकत होता. इतकी वर्षं आपोन्दी या तीन दगडांना शिव्या देत आली होती. धुराचा दोष त्यांचा नव्हताच. दोष होता मधल्या मोकळ्या जागांचा.

तिने विचारलं, हे दगड कुणी ठेवले?

"सासूने. ती गेली, दगड आहेत."

"उचलू नका. मी त्यांच्याभोवती भिंत घालते. दगड आहेत तिथेच, तुमचं भांडंही दगडांवरच. तुमचा पाय टेकायचा दगड बाहेर उघडा ठेवते."

दोर्सिलाने दांडका थांबवला. "माझा पाय कशाला बघत होतीस?"

"दुसरं काय करणार? माझी चूल तुम्ही फोडलीत."

दोर्सिला हसली. तोंड फिरवून हसली, पण खांदे हलले. मग तिने अटी घातल्या, आणि त्या सौदा करावा तशा एकेक करून घातल्या. दगड केसभर हलला तर काम बंद. बाजूला डाळीच्या भांड्यासाठी वैल हवा. आणि बियाण्याचं काय? धूर नसेल तर किड्यांना काय सांगायचं?

आपोन्दीने खोटं सांगायचं टाळलं. म्हणाली, जो काही धूर उरेल तो तोंडाच्या बाजूने येईल, कणसं तिकडे टांगू. पुरेल की नाही मला माहीत नाही. पेरणीला बघू.

"माहीत नाही म्हणतेस ते बरं आहे," दोर्सिला म्हणाली. "पत्र्याच्या चुलीवाल्यांना सगळं माहीत होतं."

भिंत घालताना दोर्सिला शेजारी बसून होती. इथे जाड कर, इथे बोट जाईल एवढी फट ठेव, तोंड खाली घे, माझं लाकूड वाकडं असतं. यातल्या निम्म्या सूचना फुकटच्या होत्या, आणि आपोन्दीने तसं सांगितलंही. उरलेल्या निम्म्यांनी चूल सुधारली. वैल एकदा चुकला, आच तिकडे जाईचना. दोघींनी मिळून तो खणून काढला, आणि चूक कुणाची यावर दुपारभर वाद घातला. माती वाळेस्तोवर आपोन्दी बहिणीकडे राहिली. तोवर आवुओर जुन्याच तीन दगडांवर रांधत होती, नव्या चुलीवर कपडे वाळत घालत होती, आणि रांधताना मूल बाहेर आपोन्दीच्या मांडीवर देत होती.

माती वाळली. दोर्सिलाने सकाळी अंघोळ केली, चर्चला जायचा रुमाल डोक्याला बांधला, आणि पेटवली. भांडं चढलं. ती घोटायला लागली तेव्हा शेजारणी पुन्हा दारात होत्या, हसायच्या तयारीने. भांडं हललं नाही. भिंत हलली नाही. दोर्सिलाने मुद्दाम, अगदी मुद्दाम, चार जादा फिरक्या मारल्या. पाय दगडावर टेकला होता. धूर म्हणावा असा काही नव्हता. तिने डोळे चोळायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला.

उगाली सगळ्यांना वाढली. चव कशी आहे कुणी विचारलं तर म्हणाली, मक्याची आहे. आपोन्दीच्या ताटात मात्र तिने ओमेना दुसऱ्यांदा वाढला, आणि पुटपुटली की लाकूड उरलं, धाकटीला हवं तर घेऊन जा.

आवुओर लाकूड न्यायला आली. खापरावर निखारा मागितला.

"उशीर केलास," दोर्सिला म्हणाली, आणि आपल्या चुलीतला लालभडक निखारा निवडून तिला दिला.

आवुओर गेली. अंगणात बायका पांगल्या. दोर्सिला भांडं घासायला बसली, पण लक्ष पलीकडे. आपोन्दी भिंतीला टेकून बसली होती. तिचंही लक्ष तिकडेच होतं. थोड्या वेळाने दोर्सिला उठली, कपाळाला हात लावून धाकटीच्या छपराकडे बघत राहिली. मग ओरडली.

"ए धाकटे, विझवलास की काय निखारा?"

"नाही, थोरल्या बाई. भाजी चढलीय."

"मग छपरातून काहीच कसं निघत नाही?"

"निघायला आहे काय?"

दोर्सिलाने आपोन्दीकडे पाहिलं. "आता कुणाच्या घरी रांधलंय, कुणाच्या घरी उपास आहे, कळायचं कसं? हे नाही सुचलं तुला?"

"नाही सुचलं," आपोन्दी म्हणाली.

"बघ. काहीतरी राहतंच तुझं." दोर्सिलाने हात पुसले आणि अंगण ओलांडून चालू लागली. धाकटीच्या दाराशी ती वाकली, आत शिरली. आतून तिचा आवाज येत राहिला: भांडं लहान आहे, लाकूड फार घातलंयस, मूल इकडे दे माझ्याकडे. आवुओर काहीतरी उलटून बोलली आणि दोघी हसल्या. आपोन्दी कान देऊन ऐकत होती. खोकला काही लगेच जाणार नव्हता. पण त्या सबंध स्वयंपाकात तो एकदाच आला, आणि तोही आवुओरला हसता हसता ठसका लागला म्हणून.