चारशे बारा दिवस

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तोमोए कुराहाशीनं यंत्राच्या पडद्याकडे बोट रोखलं, आणि ती काहीच बोलली नाही.

जपानमधल्या उबेच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात असं होत नाही. दर वीस मिनिटांनी आकड्याकडे बोट दाखवायचं, तो मोठ्यानं वाचायचा आणि शेवटी ‘ठीक!’ म्हणायचं. शेजारच्या पॅनेलवर मी माझं ‘ठीक’ म्हणून मोकळा झालो होतो.

“कुराहाशी-सान, घसा बसला का?” विभागप्रमुख नागातानी मागून म्हणाले.

“सामू सात. नऊ चाळीसला सात, दहाला सात. साहेब, रेघ बघा. फूटपट्टीनं ओढल्यासारखी आहे.”

“म्हणजे यंत्र चोख चाललंय.”

“चोख चाललं की रेघ थरथरते. आम्ल पडलं की खाली, कॉस्टिक सोड्याचा व्हॉल्व्ह उघडला की वर. आम्ल अजून पडतंय आणि व्हॉल्व्ह चाळीस मिनिटं हललेला नाही. सामू मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर रंगाचा थर बसलाय.”

नागातानींनी दाराकडे पाहिलं. तिथल्या फलकावर खडूनं लिहिलं होतं : ‘मानवी हस्तक्षेपाविना ४१२ दिवस’. तोच पाहायला मुख्य कार्यालयाची माणसं अकरा वाजता येणार होती.

“पाहुणे जाईपर्यंत हात लावायचा नाही. लावलात तर सोमवारपासून पॅकिंगला.”

सव्वीस वर्षं ती या पॅनेलवर होती. ती उठली, खाली टाकीपाशी गेली, नमुना काढला आणि कागदी पट्टी बुडवून वर आणली. साडेचार. चारच्या खाली सहा टन रंगाच्या गाठी होतात.

“एवढं मोठं यंत्र सोडून तुम्ही चिठोऱ्यावर विश्वास ठेवता?”

“चिठोरं भिजून आलंय, साहेब. तुमचा इलेक्ट्रोड कोट घालून बसलाय.”

तिनं बटण दाबून नियंत्रण हातात घेतलं. आम्ल बंद केलं, कॉस्टिक जरासं सोडलं. पडदा अजून सातच म्हणत होता. ती दर पाच मिनिटांनी पट्टी बुडवत राहिली : पाच, सहा, सात. मग आम्ही दोघांनी इलेक्ट्रोड बाहेर ओढून धुतला. परत बसवला तेव्हा रेघ थरथरली. अकराला पाच मिनिटं होती.

नागातानींचा आवाज उतरला होता. “छान झालं. आता ऑटोवर टाका. नोंद नको, फलक राहू दे. पॅकिंगचंही विसरून जाऊ.”

तिनं ऑटोवर टाकलं. नोंदवहीत वेळेसकट सगळं लिहिलं. मग फलकापाशी जाऊन चारशे बारा बाहीनं पुसलं.

“अहो, काय करताय! जिन्यात आलेत ते!”

“मग वेळेवर झालं.”

तिनं शून्य काढलं. चार पाहुणे दारात उभे राहिले तेव्हा तिचं बोट फलकाकडे ताठ होतं.

“हस्तक्षेपाविना शून्य दिवस, ठीक!”

पाहुण्यांतल्या वयस्कर बाईंनी विचारलं, “शून्य?”

“आज मी हात लावला. या आत, का लावला ते दाखवते.”

माझी साद द्यायची वेळ झाली होती. मी बोट उचललं, आधी व्हॉल्व्ह हलतोय का पाहिलं, मगच ओरडलो.

हे शुक्रवारचं. सोमवारी ती पॅकिंगला गेली. नोंद तिनं खोडली नाही. फलकावर तीन होतं.