यात्रिवका कोण?

मेलान्याच्या धुराड्यातून सकाळी धूर निघाला नाही, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय. नऊ वर्षं मी तिच्याशी बोलले नव्हते, पण तिचा धूर बघायचं एक दिवस चुकवलं नव्हतं. कुंपण ओलांडून धावले. बाई चुलीपाशी पडलेली. गाडी बोलावली, त्यांनी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

ती माझी जाऊ. आमच्याकडे जावेला यात्रिवका म्हणतात. या घरात आल्यापासून आम्ही एकमेकींना नावाने कधी हाक मारलीच नाही. "यात्रिवको, पीठ दे", "यात्रिवको, बाळाला घे". पुढे दोघींचे नवरे गेले, मग सासू गेली, आणि सासूच्याच कणीक मळायच्या लाकडी परातीवरून आमचं वाजलं. "ते दोघे भाऊ गेले, तिथेच आपलं नातं संपलं," असं मीच म्हणाले. माझी जीभ म्हणजे कात्रीच.

दुसऱ्या दिवशी बीटाचं सूप डब्यात भरून दवाखान्यात गेले. दारातल्या नर्सने विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?"

शब्द ओठांवर आला होता. गिळला. म्हटलं, "शेजारीण. ओरीना."

"मग आत नाही सोडता येणार, फक्त नातेवाईकच. डबा ठेवून जा."

"माझं तरी कुठे अडलंय!" म्हणत डबा आपटला आणि बस पकडली. घरी आले आणि धूर बघायला खिडकीत गेले. सवय. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

तीन दिवस तेच. डबा, शेजारीण, बस. चौथ्या दिवशी तीच नर्स स्वतःहून बाहेर आली. शहरात वाढलेली, रशियन बोलणारी पोर; आमच्या गावाकडचे शब्द तिला कुठले ठाऊक.

"आजी, तुमच्या गावात यात्रिवका नावाच्या कोणी बाई आहेत का हो? तुमची शेजारीण तीन दिवस त्यांनाच हाका मारत होती. गावच्या कचेरीत फोनसुद्धा केला मी. तिथल्या नव्या कारकुनाने सगळी यादी पाहिली, म्हणाला, त्या नावाचं कुणीच नाही."

मी डबा खाली ठेवला.

"मीच ती."

"तुम्ही? तुमचं नाव तर ओरीना सांगितलंत!"

"नाव नाही गं ते. जाऊ आहे ती माझी. जाऊ!"

"अहो, मग तीन दिवस शेजारीण काय म्हणत होतात?" ती ओरडली. मग आवाज उतरला. "चला आत. पण काल रात्रीपासून त्यांनी हाका मारणं थांबवलंय. डोळे उघडत नाहीत."

मेलान्याचा हात अजून ऊबदार होता. मी खुर्ची ओढली. "यात्रिवको, अगं मी आलेय. यात्रिवको."

ती हलली नाही. मी हाका मारत राहिले. दिवे लागले तेव्हा नर्स येऊन माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "किती वेळ हाका मारणार, आजी?"

"तीन दिवस," मी म्हणाले.