चार्ज देताना

"मोजून घेते हं सिस्टर, राग मानू नका," नवी इन्चार्ज म्हणाली आणि तिने कपाटातला कात्र्यांचा ट्रे टेबलावर उपडा केला.

आज निवृत्त होणाऱ्या सिस्टरांनी राग मानला नाही; संशय घेतला. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ही गोडबोली काहीतरी खोट काढणार आणि आपल्या माथी खापर फोडून मोकळी होणार, असं त्यांच्या मनाने केव्हाच घेतलं होतं.

शब्द एवढासा, चार्ज, पण त्याने त्यांना जन्मभर नाचवलं. तरुणपणी वॉर्डाचा चार्ज मिळाला तेव्हा त्यांनी हरखून, काहीही न मोजता किल्ल्या कमरेला लावल्या. आधीच्या बाईंच्या काळातली इंजेक्शनं कमी निघाली आणि चार्जशीट मात्र यांच्या हाती पडलं. त्यातून सुटल्या, पण दुधाने तोंड पोळलं ते पोळलंच. पुढे बिलातला नर्सिंग चार्जही त्या बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचत, आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल जागेवर आहे ना, हे त्या दोनदा उठून बघत.

"एक कात्री कमी आहे," नवी म्हणाली.

सिस्टर टेबलावर वाकल्या. "शक्यच नाही. काल मी स्वतः मोजल्यात."

"मग तुटली म्हणू या. एका कात्रीचं काय एवढं?"

"नको. उद्या तुम्हीच सांगत फिराल, सिस्टरांनी खोटं बोलायला लावलं म्हणून."

दाराशी फरशी पुसणाऱ्या आयामावशींनी हे ऐकलं. त्यांनी हात पुसले, कोपऱ्यातली आपली पिशवी आणली आणि कोणी न सांगता टेबलावर रिकामी केली. डबा, फणी, गुडघ्याच्या गोळ्या, नातवाचा एकच मोजा.

"अहो मावशी, तुमचं नाव कोणी घेतलं?" नवी ओशाळून म्हणाली.

"नाव कशाला घ्यायला पाहिजे? काही हरवलं की मी आधीच दाखवते. सिस्टरांना बरं वाटतं."

मावशींच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच सिस्टरांना जास्त लागलं. घाम पुसायला त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला आणि बोटांना कात्री लागली. सकाळी पट्टी कापून त्यांनीच ती तिथे टाकली होती. इतक्या वर्षांत त्यांनी सगळ्यांचे खिसे तपासले होते, स्वतःचा सोडून.

गप्प बसता आलं असतं. त्यांनी कात्री ट्रेमध्ये ठेवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग त्या मावशींच्या वस्तू पिशवीत भरू लागल्या.

"डबा उभा ठेवा सिस्टर, सांडतो तो," मावशी म्हणाल्या.

सिस्टरांनी डबा उभा ठेवला आणि मावशींनी पिशवीचे बंद आवळेपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.