पाण्याखालचा रस्ता

“टर्न राइट,” बाई म्हणाली, आणि कोंडाजीनं मनातल्या मनात तिला एक सणसणीत शिवी हासडली.

अशोकस्तंभाचा चौक होता आणि सकाळचे अकरा वाजत आले होते. डावीकडे रामवाडीचा पूल धरला असता तर पाच-सात मिनिटांत गाडी दिंडोरी रोडला लागली असती. पण बाईला रविवार कारंज्याच्या गर्दीतूनच जायचं होतं. ही बाई म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डमध्ये बसवलेला वीतभर पडदा आणि त्याच्या आतून येणारा विलायती आवाज. कुठं वळायचं ते ती इंग्रजीत सांगायची, आणि दिंडोरीला ‘डिनडोराय’ म्हणायची.

“शेठ, रामवाडीवरनं घेतो. बाजारात हातगाड्या असत्यात,” कोंडाजी म्हणाला.

शेजारी बसलेल्या दिनेशशेठनं मोबाइलवरून मान वर केली नाही. “ती राइट सांगतेय ना? मग राइट घ्या.”

कोंडाजीनं उजवीकडे घेतली. पुढची वीस मिनिटं ती लांबलचक गाडी केळीवाले, रिक्षा आणि एका उभ्या टेम्पोच्या मागे गोगलगाईसारखी सरकत राहिली. मागच्या सीटवर दिनेशशेठची आई, वत्सलाबाई, मांडीवर एक गाठोडं घेऊन बसली होती. गाठोड्यात नवं नऊवारी लुगडं होतं.

पहाटे तिची थोरली बहीण लंकाबाई साकोरदऱ्याला वारली होती. लंकाबाईचा मुलगा चिमाजी यानं फोनवर सांगितलं होतं, “मावशी, दोन वाजेपर्यंत थांबतो. उन्हाचे दिवस हाईत, त्याच्या पुढं नाय जमायचं. माहेरचं लुगडं तेवढं घेऊन ये.” बाईमाणसाच्या अंगावरचं शेवटचं वस्त्र माहेरचं असतं, आणि लंकाबाईच्या माहेरचं आता वत्सलाबाईशिवाय कुणी उरलं नव्हतं. ती सातपासून तयार होऊन ओट्यावर बसली होती. शेठची साइटवरची मीटिंग संपायला पावणेअकरा झाले.

कोंडाजीचं म्हणाल तर एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. त्यातली चार वर्षं त्यानं साकोरदऱ्याची मुक्कामाची गाडी नेली होती. संध्याकाळी गाडी देवळापुढं लावायची, लंकाबाईच्याच ओसरीवर भाकरी खायची, गाडीतच झोपायचं आणि सकाळी सहाला परत निघायचं. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांपूर्वी तो गंगापूर रोडच्या या बिल्डरकडे लागला. शेठ वाईट नव्हता, वेळेवर सुट्टी द्यायचा, ‘अहो’ म्हणायचा. पण गेल्या दसऱ्याला, म्हणजे दोन हजार आठ साली, ही परदेशी गाडी आली, तिच्यातून ही बाई आली, आणि माणसाचं डोकं फिरलं. पूजेच्या वेळी शेठनं हळदकुंकू बॉनेटला लावलं ते लावलंच, थोडं पडद्यालाही लावलं.

दिवाळीनंतर पुण्याचे पाहुणे गाडीत असताना कोंडाजीनं स्वतःच्या रस्त्यानं गाडी नेली होती. वेळेआधी दहा मिनिटं पोचवलं. पण सगळ्या वाटेनं बाई “मेक अ यू-टर्न, मेक अ यू-टर्न” म्हणून ठणाणा करत राहिली आणि पाहुणे हसले. शेठनं त्यांच्यादेखत सुनावलं, “कोंडाजी, एवढी सिस्टीम काय भजनं ऐकायला बसवलीय? ती सांगेल तसंच चालवायचं.” त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याच बाईनं त्यांना मखमलाबादला एका माणसाच्या द्राक्षबागेत नेऊन उभं केलं. बागवाला कोयता घेऊन धावला. तेव्हाही शेठ कोंडाजीलाच म्हणाला, “तुम्ही वळण लवकर घेतलं.”

यंत्राचा कोंडाजीला एवढा राग नव्हता. यंत्र मूर्ख होतं, आणि मूर्खाचा राग कोण धरतो? पण शहाणीसुरती, शिकलेली माणसं स्वतःचे डोळे खिशात घालून त्या पडद्यापुढं माना डोलवायची, त्याची त्याला किळस यायची. पेट्रोलपंपावरचा रस्ता सांगणारा माणूस, फाट्यावरचा चहावाला, डोक्यावर पाटी घेऊन चाललेली बाई, यांना काच खाली करून विचारायची आता शेठला लाज वाटायची.

वणी मागं पडली तेव्हा सव्वाबारा झाले होते. अजून वेळ होता. सरळ नांदुरीवरून घातलं असतं तर सव्वाला साकोरदरा. आठेक किलोमीटरवर डाव्या हाताला एक जुना फाटा आला, आणि बाई म्हणाली, “टर्न लेफ्ट.”

कोंडाजीनं गाडी हळू केली. “शेठ, इकडनं नाय. हा रस्ता बंद हाय.”

“बंद कसा? दाखवतेय की. बघा, अठरा किलोमीटर. तुमच्या रस्त्यानं चाळीसच्या वर आहे.”

“पुढं धरणाचं पाणी हाय. रस्ता पाण्यात गेला. धा-अकरा वर्षं झाली.”

“कोंडाजी, हे सॅटेलाइटवरनं चालतं. वरनं दिसतं त्याला सगळं.”

“मग वरनं पाणी दिसत नाय का?”

शेठचा चेहरा लाल झाला. “आज तरी वाद नको. आईला वेळेत पोचवायचंय. लेफ्ट घ्या.”

मागून वत्सलाबाई म्हणाली, “कोंडाजी, तुला ठाऊक हाय ना रं रस्ता?”

“ठाऊक हाय, आई,” कोंडाजी म्हणाला, आणि त्यानं गाडी डावीकडे वळवली.

हे त्यानं का केलं, ते त्याला पुढंही कधी धड सांगता आलं नाही. हुकूम होता म्हणून केलं, हे खरं. पण त्याच्या मनात आणखी एक घाण होती आणि ती त्याला त्याच वेळी कळत होती. होऊन जाऊ दे एकदा, जाऊ दे याला पाण्यात, म्हणजे कळेल, असं त्याला वाटलं होतं. मागं गाठोडं घेऊन कोण बसलंय, ते त्या क्षणाला तो विसरला.

रस्ता कसला, खडी उखडलेला ओढाच होता. गाडीचं पोट दगडांना घासत होतं. अठरा किलोमीटरला पाऊण तास गेला. शेवटी एक उतार आला, आणि उताराच्या तळाशी डांबरी रस्ता शांतपणे पाण्यात उतरला होता. कडेचा पांढरा मैलाचा दगड अर्धा पाण्यात उभा होता.

“कंटिन्यू स्ट्रेट,” बाई म्हणाली.

कोंडाजीनं इंजिन बंद केलं.

पलीकडे साकोरदरा दिसत होतं. चार-पाचशे फुटांचं पाणी, आणि त्यापलीकडे देवळाचा कळस, लिंबाची झाडं. लंकाबाईच्या दारापुढं माणसं जमलेली होती, पांढऱ्या टोप्या ओळखू येत होत्या. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मागं जाऊन नांदुरीवरून फिरून यायचं म्हणजे पावणेतीन.

शेठ खाली उतरून मोबाइल हवेत फिरवत होता. रेंज नव्हती. वत्सलाबाई गाडीच्या दाराला धरून उतरली, पाण्यापर्यंत गेली आणि तिनं हाक मारली, “चिमाजी! अरं चिमाजी!” आवाज वाऱ्यानं तिच्याच तोंडावर परत आणला. मग कोंडाजीनं हाताचा कर्णा करून हाळी दिली. स्टँडवरची गर्दी हटवणारा आवाज होता त्याचा. पलीकडच्या एकाही टोपीनं मान वळवली नाही.

“मॅप जुना असणार,” शेठ पुटपुटला. “अपडेट करून घ्यावा लागेल.”

कोंडाजीनं त्याच्याकडे बघितलं. या माणसाविषयी जो काही आदर शिल्लक होता, तो तिथंच पाण्यात बुडाला. आणि स्वतःविषयीचाही. पडद्याला माहीत नव्हतं, शेठला माहीत नव्हतं. माहीत होतं ते एकट्या कोंडाजीला, आणि चाक त्याच्याच हातात होतं.

बाभळीआड काही हललं. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून एक मासे धरणारा माणूस जाळं गोळा करत होता. पन्नाशीचा, उघडाबंब. कोंडाजी गुडघाभर पाण्यात शिरला.

“ओ दादा! साकोरदऱ्याला लंकाबाईची मयत हाय. एवढं लुगडं पलीकडं पोचवता का? माहेरचं हाय. दोनला उचलणार हाईत.”

तो माणूस हातानं पाणी मारत जवळ आला. त्याचं नाव सावळीराम. त्यानं गाडीकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. “लंकाबाई गेली? मला ताक द्यायची ती. द्या इकडं. पण भिजंल.”

कोंडाजी गाडीकडे वळला. नव्या सीटवरचं प्लास्टिक शेठनं अजून काढू दिलं नव्हतं. कोंडाजीनं ते दोन्ही हातांनी धरून टर्रकन फाडलं.

“अहो, सीटचं...” शेठ म्हणाला.

कोंडाजीनं ऐकलं नाही. वत्सलाबाईनं गाठोडं सोडलं, लुगड्यावरून एकदा हात फिरवला आणि त्याला कुंकवाचं बोट लावलं. प्लास्टिकात गुंडाळून सावळीरामनं ते डोक्यावर बांधलं आणि ट्यूब लोटली. तो लहान होत होत पलीकडे लागला, धावत चढण चढला, तोवर म्हातारी हलली नाही.

गाडीत बसताना कोंडाजीनं पडद्याच्या खालचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला.

साकोरदऱ्यात पोचले तेव्हा तीनला दहा कमी होते. चिता पेटलेली होती. नदीकाठी माणसं बसली होती. चिमाजीनं येऊन मावशीचे पाय धरले.

“सव्वादोनपर्यंत थांबलो, मावशी. भागीबाई म्हणाली, आता नका ठेवू.”

“लुगडं?”

भागीबाई गावातली सगळ्यांत जुनी बाई. ती पुढं आली. “नेसवलं, वत्सला. मी माझ्या हातानं नेसवलं. आणि माहेरचा खांदा पण झाला.”

“माहेरचं कोण व्हतं?”

भागीबाईनं बोट दाखवलं. थोडा दूर, दगडावर, सावळीराम बसला होता. कुणीतरी त्याला कोरडा सदरा दिला होता, तो त्याला मोठा होत होता. “म्हटलं, लुगडं ज्यानं आणलं त्योच माहेरचा. पोरं जरा कुरकुरली. मी म्हटलं, माहेरचा दुसरा कोण उभा हाय का इथं?”

दिनेशशेठ काळा चष्मा हातात धरून उभा होता. चष्म्याची काडी तो उघडत होता, मिटत होता.

वत्सलाबाई सावळीरामपाशी गेली. तो गडबडून उठला.

“खांदा दिलास?”

“दिला, आई. जड नव्हती म्हातारी. लय हलकी व्हती.”

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तिथंच दगडाशी खाली बसली आणि तेव्हा कुठं ती रडली.

दहाव्यापर्यंत वत्सलाबाई तिथंच राहणार होती. पाच वाजता शेठ निघायला उठला. कोंडाजी ओसरीवर तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

“आई, मला रस्ता ठाऊक व्हता.”

“ठाऊक व्हता ते मला बी ठाऊक हाय,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “जा. पाणी पिऊन जा.”

तो पाणी प्यायला. बाहेर येऊन त्यानं गाडीची चावी शेठच्या हातात ठेवली.

“हे काय?”

“तुम्ही न्या गाडी. ती सांगंल रस्ता.”

“कोंडाजी, ही वेळ आहे का असं करायची?”

“वेळ व्हता, शेठ. रामवाडीपासनं व्हता. तेव्हा मीच बोललो नाय पुरेसं. त्याचा दोष तुम्हाला नाय देत. पण आता तिच्या हुकमात चालवणं माझ्यानं व्हायचं नाय.”

शेठ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. गाडी वेशीपर्यंत गेली, थांबली. कोंडाजी बघत राहिला. काच खाली झाली, शेठचा हात बाहेर आला आणि म्हशी हाकत येणाऱ्या माणसाला तो काहीतरी विचारू लागला. त्या माणसानं नांदुरीच्या दिशेला काठी केली. कोंडाजीनं तोंड फिरवलं. त्याला त्याचं समाधान झालं नाही.

संध्याकाळची एसटी सहाला आली. ड्रायव्हर तिशीतला होता, कोंडाजीला ओळखत नव्हता. कोंडाजीनं नाशिकचं तिकीट काढलं आणि त्याच्या मागच्याच सीटवर बसला. गाडी घाटाला लागली. पोरगा बरा चालवत होता, फक्त वळणावर जरा उशिरा दाबायचा. उतारावर कोंडाजीचा उजवा पाय दोन-तीनदा आपसूक खाली दाबला गेला. तिथं ब्रेक नव्हता, कुणाची तरी कांद्याची गोणी होती.