हजारदा टोचलेला हात

मित्रांनो, मी एक हात आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत रबराचा. माझ्यामागे माणूस नाही. कातडीखाली दोन नळ्या आहेत, त्या माझ्या शिरा. वर खुंटीला लाल पाण्याची पिशवी टांगतात. रक्त काढायला शिकणारे आधी मला टोचतात, मग माणसांना. मला दुखत नाही. पण थकायला दुखावंच लागतं असं नाही.

ओहायो नदीकाठच्या एका गावात, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाच्या जागी आमची खासगी शाळा आहे. नऊ महिन्यांत दवाखान्यातले मदतनीस तयार करते. पहिली तीन वर्षं इथे ओडेसाबाई शिकवत. सुई चुकली की त्या एवढंच म्हणत, "चुकलीस. पुन्हा." विसाव्या खेपेला रक्त आलं की माझ्या मनगटावर हलकेच थोपटत. ती शाबासकी शिकणाऱ्याची असे, पण हाताला लागे माझ्या. माझे चांगले दिवस तेच.

माझी कातडी दर वर्षी बदलायची असते. ओडेसाबाई सोडून गेल्यावर ती कुणी बदलली नाही. कोपराच्या खळीत भोकंच भोकं झाली. त्यांवर चिकटपट्टी लावली, आणि शाळेची मोठी नवी पाटी मात्र हायवेवर लागली. मग दर शनिवारी मला पुढच्या दालनात डोनटच्या खोक्याशेजारी मांडू लागले. शाळा बघायला येईल त्याच्या हातात सुई द्यायची. त्याने टोचलं की प्रवेशाचं काम बघणारे ग्रेडी साहेब म्हणायचे, "वा! जन्मजात कसब आहे तुमच्या हातात!" माणूस फुलून जायचा, आणि तेवढ्यात कर्जाचा फॉर्म पुढे यायचा. मासे धरायला गळाला काही लावतात ना, तसा मी.

एका शनिवारी डार्ला आली. वय एकतीस. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं भांडी घासून तिची बोटं सुरकुतली होती. सोबत व्हर्ना मावशी होती, आईची धाकटी बहीण, साखरेच्या आजाराने बेजार.

डार्लाने सुई घेतली. तिने टोचलं. काहीच आलं नाही.

"वा!" ग्रेडी साहेब फॉर्मवर नाव लिहीत म्हणाले. "जन्मजात कसब आहे तुमच्या हातात, मॅडम!"

"पण रक्त आलंच नाही."

"होतं हो तसं."

"मग माझं चुकलं कुठे?"

ग्रेडी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, डोनटकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यात सुई धरली नव्हती. "ते वर्गात शिकवतात," ते म्हणाले. "आज सही केलीत तर फीमध्ये पाचशे डॉलरची सूट आहे."

व्हर्ना मावशीने खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या कोपरावरून हात फिरवला. "अरे देवा, हा तर माझ्याहून जास्त टोचलाय." मग डार्लाला म्हणाली, "बघ, माझ्या दवाखान्यातली पोरगी काय करते. अंगठ्याने कातडी खाली ताणते. आणि सुई अशी उभी नाही धरत गं, भाला आहे का तो? आडवी धर."

डार्लाने कातडी ताणली, सुई आडवी धरली. नळीतून लाल पाणी सरसर वर चढलं. ती रडायच्या बेतात आली.

"मावशी, जमलं मला!"

"जमलं. आता हिशेब. साहेब, फी किती आणि पुढे पगार किती?"

"सूट धरून साडेअठरा हजार. पगार तासाला बावीस डॉलरपर्यंत."

"पर्यंत काय? मीसुद्धा शंभर वर्षांपर्यंत जगू शकते की!" मावशीने तिथूनच आपल्या दवाखान्यात फोन लावला. रक्त काढणाऱ्या पोरीला सरळ विचारलं, अशा मदतनिसांना सुरुवातीला खरंच किती देता. उत्तर आलं: साडेसोळा. डार्लाला भांडी घासून चौदा मिळत होते.

मित्रांनो, तुम्हीही कागद घ्या. तासाला अडीच डॉलर जास्त म्हणजे महिन्याला चारशे. कर जाऊन तीनशेवीस. कर्जाचा हप्ता सव्वादोनशे, दहा वर्षं. उरले पंच्याण्णव. आता नऊ महिने दिवसाची शाळा, म्हणजे काम अर्धंच. त्यात अकरा हजारांची कमाई बुडणार. महिन्याला पंच्याण्णवने ते अकरा हजार भरून यायला किती वर्षं? मावशीने डोनटच्या खोक्यावर भागाकार केला. जवळजवळ दहा.

"चाळिशी उलटेल माझी," डार्ला म्हणाली.

"सरकारी कॉलेजात नुसतं रक्त काढायचं शिकवतात," मावशी म्हणाली. "संध्याकाळी, चार महिने, पंधराशे डॉलर. ती पोरगी तिथलीच."

"तिथे दहा महिने नंबर लागत नाही, मावशी. अजून दहा महिने भांडी?" तिने आपली सुरकुतलेली बोटं पुढे केली. "इथे सोमवारी वर्ग सुरू होतोय. मी दमलेय गं."

"ठाऊक आहे. मीही दमलेय. पण दहा महिने आणि दहा वर्षं यात फरक आहे, पोरी."

डार्लाने सहीसाठी पेन उचललं, फॉर्मकडे पाहिलं. मग तिने पेन टेबलावर ठेवलं, माझ्या दंडाला बांधलेला पट्टा सोडला, माझं कोपर नीट पुसलं आणि कोट घातला. जाताना तिचे खांदे पडलेले होते. योग्य निर्णय घेतल्याचा आनंद वगैरे तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

त्याच दुपारी चौघांनी सही केली. त्यांच्यात डेलमार होता, आडदांड, मला टोचण्याआधी दर वेळी "माफ कर हं" म्हणणारा. तो उत्तम शिकला. दोन वर्षांनी प्रमाणपत्राची नक्कल घ्यायला आला, तेव्हा अंगावर दवाखान्याचा सदरा आणि पायात गोदामातले जाड बूट होते. हप्त्यासाठी शनिवार-रविवार तिथे खोकी उचलतो, असं तो कार्यालयाच्या खिडकीतल्या मुलीला सांगत होता. "मी कुणाला विचारलंच नाही," तो म्हणाला. "माझ्या हातात जन्मजात कसब आहे म्हणाले, आणि मी सही केली."

मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा असं टेबल तुमच्याही पुढे येईल. कौतुक ऐका, पण सही करण्याआधी ते काम रोज करणाऱ्याला विचारा, हातात खरंच किती येतं. खोक्यावर का होईना, भागाकार करा. तुमच्या वर्षांची काळजी ग्रेडी साहेब करणार नाहीत.

डेलमारची सही माझ्यापासून वीतभर अंतरावर झाली. त्याची बोटं नुकतीच माझ्या कोपरावर टेकली होती. पण 'थांब' म्हणायला मला तोंड नव्हतं.