दगडावरचा ठेका

सासूबाईंचं आणि माझं एकाच गोष्टीत जमायचं, ते म्हणजे कपडे धोपटण्यात. इस्त्रीऐवजी सुरकुत्या मोडायला, खळ दिलेल्या पांढऱ्या कपड्यांची घडी दगडावर ठेवून आम्ही समोरासमोर बसायचो, दोघींच्या दोन्ही हातांत दांडकी. सोलमधल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी घरोघरी हाच आवाज. त्यामुळे माझ्या नवऱ्याने, इन-ह्योकने ठरवलेली खूण कुणाच्या लक्षात आली नव्हती. ठेका चालू असला तर घरात यायचं, बंद असला तर न थांबता पुढे जायचं. आमच्या देशावर तेव्हा जपान्यांचं राज्य होतं; त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्यांचे निरोप तो सरहद्दीपलीकडे मांचुरियाला पोचवायचा.

त्या संध्याकाळी तो यायचा होता. त्याच्याआधी ग्वाक आला. माणूस आमच्याच देशातला, पण जपानी पोलिसांत हेर. दाराआड बसून त्याने पिस्तूल मांडीवर ठेवलं.

"तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "या वेळी घर गप्प असलं की लोकांना संशय येतो. माझी आईही धोपटायची."

"तू काय धंदे करतोस, ते तिला ठाऊक आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हातारे, तोंड नको, हात चालव."

आम्ही हात चालवत राहिलो. मुद्दाम थांबलो असतो तर त्याला खूण कळली असती. दिवस कलला. नवऱ्याला मीच आवाज देऊन फासावर बोलावत होते.

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग घडी सारखी करायला डावा हात पुढे केला आणि तो तिथेच ठेवला. दांडकं मला अडवता आलं असतं. मी अडवलं नाही.

हाड मोडल्याचं ग्वाकलाही ऐकू गेलं.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?" सासूबाई कळवळल्या. "आईने दांडकं धरायला तरी शिकवायचं होतं!"

"पुरे. उचला दांडकी," ग्वाक म्हणाला.

"कुठल्या हाताने?" त्यांनी विचारलं.

मी फडकं गुंडाळत बसले, जमेल तितकं हळू. गल्लीतून माणसं ये-जा करत होती. त्यातल्या एकाची पावलं जराशी रेंगाळली आणि पुढे गेली. ग्वाक रक्ताकडे बघत होता.

अंधार पडल्यावर तो हात हलवत परत गेला. इन-ह्योक सुखरूप पलीकडे पोचल्याचं आम्हाला पुढच्या वसंतात कळलं.

सासूबाईंची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. मरेपर्यंत त्या आल्यागेल्याला ती दाखवायच्या. "ही बघा आमच्या सूनबाईची करामत." मी मान खाली घालून ऐकायचे, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.